गुरांना होणारी विषबाधा: कोणती झाडं, काय लक्षणं, आणि पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं

"जनावराला विषारी पाला बरोबर कळतो, ते तोंडच लावत नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षं ते खरंही मानलं. मग एकदा माझीच एक दुभती गाय दावं तोडून ज्वारीच्या खोडव्यात, म्हणजे कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत, शिरली, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं चरली असेल, आणि मी तिला हाकलून गोठ्यापर्यंत आणेस्तोवर ती थरथरायला लागली, खाली बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून पिडलं, आणि जे हाताशी असायला हवं होतं पण नव्हतं ते इथे लिहितोय.

तर ते वाक्य अर्धं खरं आहे. पोट भरलेलं, त्याच रानात वाढलेलं जनावर बहुतेक विषारी झाडं खरंच टाळतं, कारण ती कडू असतात, उग्र वास येतो. पण उपाशी जनावर टाळत नाही. नवीन आणलेलं जनावर टाळत नाही, कारण तिथली झाडंच त्याच्या ओळखीची नसतात. कुट्टी करून गव्हाणीत टाकलेल्या चाऱ्यात विषारी फांदी आली तर कुठलंच जनावर ती निवडून बाजूला काढू शकत नाही. आणि काही विषारी गोष्टी, उदाहरणार्थ कोवळी ज्वारी, चवीला गोडच लागतात. म्हणून झाडांची यादी पाठ करण्याच्या आधी भुकेचा बंदोबस्त करायचा.

सुरुवात भुकेपासून

चरायला सोडायच्या आधी थोडी तरी सुकी वैरण पोटात गेलीच पाहिजे. कडबा, वाळलेलं गवत, काहीही चालेल. याचे दोन फायदे. एक म्हणजे जनावर हावरटासारखं तुटून पडत नाही, आणि दुसरा म्हणजे विष पोटात गेलंच तरी ते भरल्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, मिसळून हळूहळू रक्तात उतरतं. सायनाइड आणि नायट्रेट ही चाऱ्यातूनच जाणारी दोन विषं, त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच. या दोन्हीत विष किती गेलं यापेक्षा किती वेळात गेलं यावर जीव वाचणं ठरतं, तेवढंच विष दिवसभरात थोडं थोडं गेलं तर शरीर ते निकामी करू शकतं.

लांबचा प्रवास करून आलेली जनावरं गाडीतून उतरवली आणि थेट रानात सोडली, हे तर कधीच करू नका. घाणेरी खाऊन होणाऱ्या बऱ्याच विषबाधा अशाच नव्या आणि भुकेल्या जनावरांत होतात. आधी पाणी, मग सुकी वैरण, निदान एक-दोन दिवस बांधून, आणि मगच बाहेर.

मग रान पायी फिरा

दर हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मोठ्या पावसानंतर किंवा मोठ्या उघडिपीनंतर पुन्हा एकदा, जनावरं जिथे चरतात तो सगळा भाग स्वतः चालत फिरा. बांध, ओढ्याकाठ, पाणवठ्याच्या आजूबाजूचा भाग आणि कुंपण, या चार जागा नीट बघा. मधलं गवत चांगलं असतं, भानगड कडेला असते. अनोळखी झाड दिसलं की पानाचा, फुलाचा आणि फळाचा वेगवेगळा फोटो काढून ठेवा, नुसत्या लांबून काढलेल्या फोटोवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

कुंपणाला कण्हेर असेल तर ती सगळ्यात आधी लक्षात घ्या. कण्हेरीच्या पानात ओलिअँड्रिन नावाचं हृदयावर काम करणारं विष असतं आणि पूर्ण वाढलेल्या गाईला दहा ते वीस पानंसुद्धा जीवघेणी ठरू शकतात. एवढं तर एका घासात जातं. पान वाळलं म्हणून विष जात नाही, आणि तिथेच घात होतो, कारण हिरवी कण्हेर कडू असते, जनावर सोडून देतं, पण छाटणी करून बांधावर टाकलेल्या, वाळून कडूपणा कमी झालेल्या फांद्या खुशाल खाल्ल्या जातात. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिचंही तेच. छाटणी केली की प्रत्येक पान गोळा करून जनावर पोचणार नाही अशा ठिकाणी टाका, पाण्याच्या टाकीजवळ तर नकोच.

धोत्रा जनावर सहसा उभ्या झाडावरून खात नाही, पण मक्याबरोबर कापला जाऊन मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात, जातो किंवा त्याचं बी धान्यात मिसळतं. मग बुबुळं मोठी होतात, तोंड कोरडं पडतं, पोटाची हालचाल थांबते, फुगतं, जनावर बिथरल्यासारखं करतं. एरंडाचं विष मुख्यतः बियांमध्ये असतं, आणि खतासाठी आणलेली एरंडीची पेंड गोठ्याजवळ उघडी ठेवली तर जनावरं तीच खातात. याची लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी, कधी दोन दिवसांनीसुद्धा रक्ताळ पातळ शेण सुरू होतं, त्यामुळे पेंडीवर कोणाचा संशयच जात नाही. खताची पोती गोठ्यापासून लांब, बंद खोलीत ठेवा.

ओढ्याकाठचं पाणी ओसरलं की तिथे लांडगा उगवतो, तोच ज्याची काटेरी फळं कपड्याला चिकटतात. मोठं झाड फारसं कोणी खात नाही पण दोन जाड पानांवर असलेलं कोवळं रोप खूप विषारी असतं, यकृत खलास करतं, रक्तातली साखर एकदम खाली आणतं. नेमकं त्याच वेळी तिथे दुसरं हिरवं काही नसतं, म्हणून जनावरं ते खातात. दोन-तीन आठवडे ओढ्याकाठ बंद ठेवला तर हा प्रश्न संपतो.

गाजर गवताबद्दल खूप विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो, त्यातलं पार्थेनिन अंगाला खाज, कातडीला चट्टे आणि तोंडात फोड आणतं, दूध कडू होतं, आणि भरपूर खाण्यात आलं तर जनावर मरूही शकतं. फुलोऱ्याच्या आधी उपटून टाका, हातमोजे घालून.

एक गोष्ट मात्र बरेच जण चुकतात. तणनाशक मारलं की झालं असं वाटतं, पण फवारणीनंतर काही दिवस ते तण उलट जास्त धोक्याचं असतं. सुकताना त्याची चव बदलते, एरवी न खाल्लं जाणारं झाड जनावर खातं, आणि काही झाडांत फवारणीनंतर नायट्रेट वाढतं. त्यामुळे तण पूर्ण वाळून पडेपर्यंत आणि औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस संपेपर्यंत तिथे गुरं नकोत.

ज्वारी आणि सायनाइड

हे जरा लांबणार आहे, पण हे लक्ष देऊन वाचा, कारण इथे विष आपणच पेरलेल्या चाऱ्यात असतं.

ज्वारीत आणि सुदान गवतात धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो स्वतः निरुपद्रवी, पण पान चावलं, चिरडलं, सुकत आलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल म्हणजे सायनाइड सुटतं. ते शरीरातल्या पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो पण पेशी तो घेऊ शकत नाहीत, म्हणून रक्त आणि हिरड्या लालभडक दिसतात आणि जनावर तरीही गुदमरून मरतं.

आता हिशोब करा. जनावराच्या दर किलो वजनाला साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड एकदम गेलं तर जीव जाऊ शकतो. म्हणजे ३०० किलोच्या गाईला ६०० मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात किलोला २०० मिलिग्रॅम सायनाइड असेल तर नुसता ३ किलो चारा पुरतो. भुकेली गाय ३ किलो कोवळा चारा किती वेळात खाते ते तुम्हीच आठवा. माझ्या गाईचं काय झालं ते मला हा हिशोब केल्यावर कळलं.

धोका कधी जास्त? रोप कोवळं असताना. कापणीनंतर नवे फुटवे आले की. पावसाने ताण दिल्यामुळे पीक गुडघाभरच राहून कोमेजलंय आणि मग एक सर येऊन त्याला लुसलुशीत फूट आली की. कडाक्याच्या थंडीने पानं करपली की. आणि नत्र खताचा मारा जास्त झाला असेल तर अजून जास्त. पानात विष जास्त असतं, खोडात कमी. पीक वाढतं तसं ते कमी होत जातं, म्हणून साधा नियम असा की ज्वारी निम्मी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी घालायची नाही, आणि खुरटलेली, कोमेजलेली ज्वारी तर नाहीच. नीट वाळवून कडबा केला तर सायनाइड बरंच उडून जातं, मुरघास केला तरी कमी होतं, मात्र मुरघास पूर्ण मुरू द्यायचा. अर्धवट सुकलेला चारा मात्र हिरव्याइतकाच वाईट. जवसाची कोवळी रोपं आणि कसाव्याचा पाला यांतही हेच विष असतं.

सोडियम पिक्रेट लावलेल्या कागदाची एक साधी टेस्ट असते, चाऱ्यात सायनाइड असेल तर पिवळा कागद विटकरी होतो. पशुवैद्यकीय लॅबमध्ये करून मिळते. शंका असेल त्या वर्षी चारा घालायच्या आधी ती करून घ्या, नंतर नाही.

नायट्रेट, सायनाइडचा जुळा भाऊ पण उलट्या स्वभावाचा

ज्वारी, मका, ओट, बाजरी आणि बरीच तणं, सगळी जमिनीतलं नायट्रेट घेतात आणि एरवी त्याचं प्रथिन बनवतात. दुष्काळात, ढगाळ हवेत किंवा युरिया जास्त पडला तर ते बनवणं मागे पडतं आणि नायट्रेट खोडात साठतं. कोठीपोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या निळसर तपकिरी.

सायनाइड पानात, नायट्रेट खोडाच्या बुडात. सायनाइड वाळवल्यावर उडतं, नायट्रेट वाळवल्यावर जसंच्या तसं राहतं, म्हणजे धोक्याच्या पिकाचा कडबा वर्षभर धोक्याचाच. मुरघासात मात्र नायट्रेट बऱ्यापैकी घटतं. चाऱ्याच्या कोरड्या वजनात नायट्रेट १ टक्क्याच्या वर गेलं तर तो चारा एकटा घालण्यासारखा नाही. दुष्काळानंतर पाऊस पडला की निदान आठ-दहा दिवस थांबून कापा, कापताना बुडाचं वीतभर खोड रानातच सोडा, आणि घालताना धान्य किंवा दुसऱ्या सुक्या वैरणीत मिसळून थोडं थोडं घाला. गाभण गाय यातून वाचली तरी काही दिवसांनी गाभडू शकते, तेव्हा तिच्याकडे जास्त लक्ष.

हा फरक एवढा सविस्तर सांगतोय कारण दोघांची औषधं वेगळी आहेत आणि उलटसुलट झाली तर घात होतो. सायनाइडवर डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्रेटवर मिथिलीन ब्लू. आता जनावर नायट्रेटने गुदमरतंय आणि सायनाइड समजून त्याला नायट्राइट दिलं तर? जे विष आधीच रक्तात आहे तेच आणखी दिल्यासारखं होतं. म्हणून हिरड्यांचा रंग आणि काय खाल्लं ही तुमच्याकडून मिळणारी माहिती डॉक्टरांच्या सुईइतकीच महत्त्वाची आहे.

हळूहळू मारणारी झाडं

इथे जनावर आज खातं आणि दुखणं नंतर दिसतं, म्हणून कारण सापडत नाही.

घाणेरी, टणटणीही म्हणतात, तिच्यातलं लँटाडीन यकृतातलं पित्त अडवतं. एक-दोन दिवसांत खाणं बंद, रवंथ बंद, शेण घट्ट. मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या. आणि मग ऊन सहन होईनासं होतं. याचं कारण समजून घेतलं तर उपचार डोक्यात पक्का बसतो. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य पोटात मोडतं तेव्हा फायलोएरिथ्रिन तयार होतं, निरोगी जनावरात ते पित्तावाटे बाहेर जातं, पण पित्त अडलं की रक्तातून कातडीत पोचतं आणि तिथे ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून नाकपुडी, कान, सड, आणि पांढऱ्या केसांचे भाग सोलवटतात, काळे भाग त्यामानाने वाचतात. अशा जनावराला दिवसभर गर्द सावली लागते, नुसत्या मलमाने काही होत नाही.

घाणेरीचा अजून एक पेच आहे, तिच्यामुळे कोठीपोट थंडावतं, आणि थंडावल्यामुळे खाल्लेला पाला तिथेच पडून विष सोडत राहतो. म्हणून चार दिवसांनी आणलेल्या जनावरालाही डॉक्टर नळीने ॲक्टिव्हेटेड चारकोल देतात, वजनाच्या किलोला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ४०० किलोच्या गाईला २ किलो. चुलीतला कोळसा किंवा राख त्याजागी चालत नाही, त्याला विष शोषायची ती ताकद नसते.

खुळखुळा, ज्याच्या शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळतात, त्याचं विष यकृताच्या पेशी कायमच्या निकामी करतं. खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी जनावर खंगायला लागतं आणि तेव्हा इलाज उरलेला नसतो. बेशरमचं तसंच, आठवडे न् आठवडे खाल्लं की चाल अडखळते, मान हलते, आणि वाईट म्हणजे जनावराला त्याची चटक लागते, बाकी चारा सोडून तेच शोधतं. बेशरम खाणारं एक जनावर दिसलं की ते लगेच तिथून हलवा, त्याचं बघून बाकीची शिकतात. डोंगराळ ओलसर भागात नेचा वर्षानुवर्षं खाण्यात आला तर लघवीतून रक्त जातं आणि मूत्राशयात गाठी होतात.

सुबाभूळ मात्र मी या यादीत नाराजीनेच घालतोय कारण तो उत्तम चारा आहे. त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात, लाळ गळते, गळ्याशी थायरॉइड वाढते, पण ते फक्त जास्त घातला तर. एकूण चाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवला आणि हळूहळू सवय लावली तर बहुतेक काही होत नाही. १९८० च्या दशकात रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ पोटभर खाऊनही ठणठणीत असतात, आणि शोध घेतल्यावर त्यांच्या कोठीपोटात मिमोसिनपासून बनणारं विष पचवणारा एक जिवाणू सापडला, त्याला पुढे १९९२ साली जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय हे नाव दिलं गेलं. ज्या कळपात तो जिवाणू आहे तिथे नव्या जनावराला एकत्र ठेवलं की त्यालाही तो मिळतो.

जनावर आजारी दिसलं की

घड्याळ बघा आणि आधी सगळ्यांचा चारा थांबवा, एकट्याचा नाही. गव्हाण रिकामी करा, रानात असतील तर बाकीची हळू चालवत बाहेर काढा. आजारी जनावराला पळवायचं नाही, हाकलायचं नाही, जबरदस्तीने उठवायचंही नाही. सायनाइड, नायट्रेट आणि कण्हेर या तिन्हींत ते दहा पावलं धावलं तरी कोसळू शकतं. मी माझ्या गाईला काठीने हाकलत आणलं होतं, ते मला आजही डाचतं.

डॉक्टरांना फोन करतानाच दुसऱ्या माणसाला ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघायला सांगा: लालभडक, तपकिरी, पिवळ्या की पांढरट. श्वास मोजा, छातीचे ठोके नियमित आहेत की मध्येच चुकतात ते हात लावून बघा, बुबुळं मोठी आहेत का, शेण कसं आहे, पोट डाव्या बाजूला फुगलंय का. फोनवर एवढं सांगा आणि शेवटचा चारा काय, किती वाजता, किती जनावरांनी खाल्ला ते सांगा. डॉक्टर निघतानाच बरोबर काय घ्यायचं ते ठरवू शकतात. आणि त्यांच्याकडे थायोसल्फेट, मिथिलीन ब्लू असतं का हे हंगाम सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा, सायनाइडमध्ये औषध शोधायला वेळच मिळत नाही.

तोंडावाटे तेल, ताक, काढा, काहीही ओतू नका. अडखळणाऱ्या, थरथरणाऱ्या जनावराला गिळता येत नाही, ओतलेलं फुफ्फुसात जातं आणि विषातून वाचलेलं जनावर न्युमोनियाने मरतं. आडवं पडलं असेल तर छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्यांचा आधार द्या, तोंड थोडं खाली राहू द्या म्हणजे लाळ बाहेर पडेल. सावलीत ठेवा.

तेवढ्यात चाऱ्याचा नमुना काढा. गव्हाणीतला उरलेला, कुट्टीतला आणि रानातलं मुळासकट झाड, तिन्ही. सायनाइडचा संशय असेल तर नमुना हवाबंद डब्यात लगेच थंड करा, नाहीतर विष उडून जाईल आणि रिपोर्ट निरंक येईल. जनावर दगावलं तर लगेच पुरू नका, शवविच्छेदन करून घ्या. मन होत नाही हे मला माहितीय, पण तोच चारा बाकीची जनावरं खातायत आणि कारण कळल्याशिवाय त्यांना काय घालायचं हे ठरवता येत नाही.

दूध

विषबाधा झालेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत कोणी प्यायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. नेच्याचं विष दुधात उतरतं. उत्तर अमेरिकेत स्नेकरूट नावाचं झाड खाल्लेल्या गाईंचं दूध पिऊन एकोणिसाव्या शतकात माणसं दगावायची, अब्राहम लिंकन यांची आई १८१८ साली याच दुधाच्या आजाराने गेली असं मानलं जातं. औषधांचेही दूध बंद ठेवायचे दिवस असतात, ते विचारून लिहून घ्या.

वाचलेल्या जनावराला पहिले काही दिवस चांगलं वाळलेलं गवत आणि भरपूर पाणी, आंबोण हळूहळू. घाणेरीतून उठलेल्या गाईची रवंथ परत सुरू झाली का हे रोज बघा आणि डोळ्यांचा पिवळेपणा जाईपर्यंत दिवसा बाहेर काढू नका, चरायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर.